गुडघ्याची सूज, निर्गुडीचा पाला आणि बाजारातली पुडी

निंबाची_सावली (आर्वी)

नमस्कार मंडळी. घरात सध्या दुखण्यांचं प्रदर्शन भरलंय. सासूबाईंचे दोन्ही गुडघे, ह्यांची कंबर, आणि कापूस वेचायला येणाऱ्या बायांच्या सुजलेल्या बोटांची तक्रार वेगळीच. शेताच्या वाटेवर नाल्याच्या काठानं निर्गुडी माजली आहे, धुऱ्यावर एरंड आहे, कुंपणाला रुई आहे. औषधाचं दुकान दाराशीच, पण कोणता पाला कशावर आणि कसा, हे सांगणारी आजेसासू आता राहिली नाही.

तुमच्या घरी खरोखर केलं जातं तेवढंच सांगा. 'पन्नास आजारांवर एकच पान' छापाचे फॉरवर्ड नकोत, ते माझ्याकडे पोतंभर आहेत.

दुसरं. आमच्या आठवडी बाजारात एक जण सांधेदुखीची पुडी विकतो, शुद्ध जडीबुटी म्हणून. सासूबाईंना दिवाळीपासून तीच चालू आहे. फरक पडला हे खोटं नाही. भिंत धरून उठणारी बाई दुसऱ्याच दिवशी नळावर पाणी भरायला गुंड घेऊन उभी होती. सगळं घर खूश, मलाच ते गळी उतरत नाही. काय असेल त्या पुडीत?

काळी_माती (दर्यापूर)

ताई, निर्गुडीचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीन. पाला कवळा नाई घ्याचा, जून घ्या लागते. हातात चुरला का उग्र वास सुटला पायजे. तीन नाईतर पाच बोटायचं पान, खालून पांढुरकं. तव्यावर एरंडेलाचा हात फिरवाचा, पाला टाकाचा, मऊ पडून काळपट झाला का उतरवाचा. आंधी आपल्या गालाले लावून पायाचा. सोसला तरच गुडघ्यावर ठेवाचा, वरून एरंडाचं पान, त्याच्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. रातभर राहू द्याचं. सकायी सूज उतरल्यासारखी दिसते. दुखनं समदं जात नाई, पन बाई उठून चुलीपाशी बसते येवढं खरं. बैलाच्या खांद्याले सूज आली तरी आमच्या इकडं हाच इलाज.

रुईचं पान बी असंच तेल लावून, शेकून बांधतात. फकस्त तोडताना चीक डोयात जाऊ देऊ नका. डोयाचं बुबूळ खराब होते त्याच्यानं. लेकरायले तर रुई तोडाले पाठवूच नका.

पुडीवाल्याचं मले इचारू नका. आमच्या बाजारातही थो येते. मी पायतो अन् पुढं सरकतो.

विहीर_कोरडी

+१. पाला बांधला की ऊब लागते आणि झोप छान येते. निम्मा फायदा त्या झोपेचाच असावा असं मला वाटतं, पण आईपुढे बोलायची सोय नाही.

गंज_सराटा (वरूड)

रोज पाला तोडायचा कंटाळा असेल तर निर्गुडीचं तेल करून ठेवा. आमच्याकडे मिरगाआधी एकदा होतं, ते हिवाळाभर पुरतं.

पाव किलो तिळाचं तेल, त्याच्या चौपट म्हणजे किलोभर निर्गुडीचा रस, आणि पाल्याचीच वाटलेली चटणी छटाकभर. निर्गुडीचं पान कोरडं, रस सहज देत नाही. पाणी शिंपडत वाटायचं आणि फडक्यातून पिळायचं. हात दोन दिवस वास मारतात. जाड बुडाचा गंज घ्या, आणि मोठा घ्या, कारण शेवटी उतू जातं. आच मंद. सुरुवातीला पाणी असेतोवर नुसतं खदखदतं, तिथं बसून राहायची गरज नाही. पाणी आटत आलं की आवाज बदलतो, थेंब उडायला लागतात. तेव्हापासून मात्र गंजापासून हलायचं नाही. तळाला बसलेला गाळ सराट्यानं थोडा काढायचा आणि दोन बोटांत वळायचा. बोटाला चिकटला तर वेळ आहे. सरळ वात वळली गेली की ती वात जाळावर धरायची. तडतडली तर अजून पाणी आहे, गुपचूप पेटली तर तेल झालं. त्याच वेळी तेलावर फेस चढतो. तुपाचं नेमकं उलट असतं, तूप सिद्ध होताना फेस मोडतो. गाळ काळा पडून करपला तर ते तेल लावण्याच्या कामाचं राहत नाही, दिव्याला वापरा.

कोमट करून लावायचं, वरून शेक. जखमेवर, खरचटलेल्या कातडीवर लावायचं नाही. आणि पोटात तर मुळीच नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी 'बाहेरून एवढा गुण तर आतून किती' म्हणत चमचाभर घेऊन पाहिलं होतं. रात्रभर घरातले झोपले नाहीत.

वायगाव_पिवळं (समुद्रपूर)

हळदीचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आमच्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीचं पिवळं द्रव्य, इतर हळदींपेक्षा जास्त असतं, तोच तिचा तोरा. सूज उतरवायची जी ख्याती हळदीची आहे ती या कुरकुमिनची. पण ते पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. मिरपूड आणि तूप-तेलासोबत थोडं बरं उतरतं. म्हणून दुधात नुसती हळद ढवळून पिण्यापेक्षा भाजीच्या फोडणीतली हळद काही वाईट नाही. गुडघेदुखीवर ज्या कुरकुमिनच्या चाचण्या झाल्या त्यात बहुतेक काढलेला अर्क होता, स्वयंपाकघरातला चमचा नव्हे. हे मी हळद विकणारा माणूस सांगतोय, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नसावी.

मुका मार लागला, पाय मुरगळला तर आंबेहळद उगाळून तिचा कोमट लेप. मार ताजा असेल तर पहिला दिवस गार पाण्याची पट्टी ठेवा, शेक नंतर. लोक ताज्या मुरगळ्यावर लगेच गरम वीट ठेवतात आणि मग पाय फुगतो.

रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणातल्या हळदीला काही नाही.

सालईबन (परतवाडा)

मेळघाटाच्या बाजूनं लिहितोय. इकडच्या माळरानाच्या कोरड्या डोंगरावर सालई भरपूर. पांढुरकी, कागदासारखी साल सुटणारं झाड. त्याचा डिंक म्हणजे आयुर्वेदातली शल्लकी. घरी तो धूप म्हणून जाळतात, आणि दुखण्यावर लेपातही घालतात.

या सगळ्या यादीत चाचणीला बऱ्यापैकी उतरलेलं झाड हेच असावं. २००३ साली नागपुरातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला होता. गुडघ्याची झीज झालेले ३० रुग्ण, निम्म्यांना सालईचा अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी औषधी, आठ आठवड्यांनी अदलाबदल. अर्क घेणाऱ्यांचं दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं वाढलं. मात्र एक्सरे होता तसाच राहिला. झिजलेली गादी परत आली नाही. अभ्यास लहान आहे, पण आपल्या मातीतला आहे. डिंकातली बोस्वेलिक आम्लं शरीरात सूज पेटवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात, असं त्याचं कारण सांगितल्या जाते.

बाजारातून डिंकाचे खडे आणून दुधात विरघळवत बसू नका. त्यात साल, माती, दुसरे डिंक काय काय असतं. घ्यायचाच असेल तर प्रमाणित गोळी वैद्याच्या सल्ल्यानं घ्या. आणखी एक. मागणी वाढली की झाडाला खोल घाव घालतात. साल वरवर तासली तर झाड सावरतं, गाभ्यापर्यंत कुऱ्हाड गेली की सालई उभी वाळते. आमच्याकडचे जुने कोरकू लोक एका झाडाला विसावा देऊन मग पुन्हा हात लावत. आता ठेकेदाराच्या माणसाला तेवढा दम नसतो.

पांदण (अकोट)

धाग्यात बिब्बा घालतोय असं म्हणाल, पण बिब्ब्याचं नाव निघाल्याशिवाय वऱ्हाडातली दुखण्याची गोष्ट पुरी होत नाही. आमच्याकडे टाच दुखली, पाठीत चमक भरली की सुईच्या टोकावर बिबा तापवून त्याचं तेल टिपक्या-टिपक्यांनी लावायचे. माझ्या आजोबांच्या पाठीवर त्या काळ्या ठिपक्यांची रांगोळी होती.

तेव्हा हे लिहितो ते कोणी करू नये म्हणून. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. फोड येतात, चेहरा सुजून डोळे मिटतात. काहींना तर नुसतं झाडाखाली बसलं तरी उततं. काजूच्या टरफलाचा आणि याचा वंश एकच. कपड्यावर धोबी खूण करत तेच हे, धुऊन जात नाही त्यावरून ओळखा. शास्त्रात भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. विटेच्या चुऱ्यात घोळणं वगैरे पायऱ्या आहेत, त्या अनुभवी वैद्यानंच कराव्यात. उतलंच तर साबणपाण्यानं धुवा, खोबरेल लावा, डोळ्यापाशी असेल तर सरळ दवाखाना.

आतली गोडंबी मात्र लाडवात खुशाल खा.

धानपट्टा (साकोली)

आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत सगळं गाव वाकलेलं असते जी. दिवसभर बांधीत चिखलात उभं राहून कंबर आणि पिंढऱ्या दोन्ही जातात. संध्याकाळी टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, कोमट करून चोळतात. वास सगळ्यांना नाही सोसत. दुखण्यावर त्यातलं औषध किती आणि चोळणाऱ्या हाताचं किती, देव जाणे.

जवसाचं पोटीस कोणाला आठवते का? जवस जाडसर कुटून उकळत्या पाण्यात घालायचं आणि हलवत राहायचं. शिऱ्यासारखं घट्ट आणि बुळबुळीत झालं की फडक्यावर पसरून बांधायचं. जवस उष्णता धरून ठेवते, भाकरीच्या तव्यावरच्या फडक्यासारखं लगेच गार पडत नाही. गळू पिकायला आणि आखडलेल्या मानेला आमची आई हेच करायची.

एक गोष्ट धाग्यात आली नाही. एकाच पायाला सूज, ती पण वारंवार, सोबत जांघेत गाठ आणि थंडीताप असेल तर पाला बांधत बसू नका. आमच्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर पट्ट्यात हत्तीरोग आहे. रात्रीचं रक्त तपासतात, कारण ते जंतू रात्री रक्तात दिसतात. लवकर सापडलं तर गोळ्यांनी थांबते. पाय एकदा हत्तीसारखा झाला की निर्गुडी काय करणार?

काढा_एके_काढा

उत्तम धागा. पारिजातकाच्या पानांचा काढा राहिला. सायटिकावर माझ्या मावसभावाला गुण आला. चार-पाच पानं कुस्करून दोन कप पाण्यात, अर्धा कप उरेतो. कडू जहर. सोबत गुळवेल रोज घ्यावी. ॲलोपॅथीच्या गोळ्यांनी किडन्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक मेडिकलमधून पट्टी आणतात. निसर्गात सगळ्याचं उत्तर आहे.

रात्रपाळी (पांढरकवडा)

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. उशिरा वाचलं. आधी पुडीचं, कारण तेच तातडीचं आहे.

निंबाची_सावली ताई, कुठलीही वनस्पती रात्रीतून भिंत धरणाऱ्या बाईला नळावर उभी करत नाही. सालईच्या ज्या अभ्यासाचं वर आलं, त्यात मोजमाप आठवड्यांनी केलं होतं. रात्रीतून असा चमत्कार करतं ते स्टेरॉइड. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कुटून चूर्णात मिसळतात, कधी जोडीला दुखण्याची गोळी. अशा भेसळीचे अहवाल जगभर आहेत. तुमच्या पुडीत तेच आहे हे मी न पाहता म्हणू शकत नाही, पण संशय घ्यायला पुरेसं कारण आहे.

सासूबाईंचं तोंड गोल, फुगलेलं दिसू लागलंय का? भूक वाढली? दंडावर सहज निळे डाग पडतात? साखर आणि रक्तदाब पाहिलाय? स्टेरॉइडनं साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात अल्सर होतो, आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो खुबा खचू शकतो. गुडघ्यासाठी पुडी घेतली आणि खुबा गेला, असे रुग्ण आमच्याकडे येतात.

पण आजच पुडी फेकून देऊ नका. बरेच महिने स्टेरॉइड बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक बंद केलं तर उलट्या, प्रचंड अशक्तपणा, रक्तदाब खाली, जीवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन एक-दोन दिवसांत फिजिशियनकडे जा. ते तपासून हळूहळू उतरवतील.

आता पाला. मी त्याच्या विरोधात नाही. ॲस्पिरिनचा शोधच विलो नावाच्या झाडाच्या सालीतल्या द्रव्यावरून लागला, १८९७ मध्ये. ते नेमकं काय करतं हे कळायला १९७१ उजाडलं, आणि त्याबद्दल जॉन व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं. बाहेरून बांधलेली निर्गुडी, एरंड, जवसाचं पोटीस, मिठाचा शेक, यांनी आराम पडतो, नुकसान जवळजवळ नाही. फक्त मधुमेह्यांनी सांभाळा. त्यांच्या पायाला चटका कळत नाही. वाळूच्या पुरचुंडीनं तळपाय भाजलेले आजोबा मी दर हिवाळ्यात पाहतो. शेक देणाऱ्यानं आपल्या हाताला लावून पाहावं, वर दर्यापूरच्या भाऊंनी गालाचं सांगितलं ते अगदी बरोबर.

गुळवेलीबद्दल थोडं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही. दुसरीच, तशीच दिसणारी वेल असावी असं त्यांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवला तरी यकृताचा आजार असणाऱ्यांनी मनानं रोज काढा घेऊ नये, आणि वेल ओळखता येत नसेल तर कोणीच नाही.

काढा_एके_काढा

डॉक्टरसाहेब, भेसळ करणारा चोर, त्यात आयुर्वेदाचा काय दोष? आणि तुमच्या डायक्लोफेनॅकचं काय? गावात दुखलं की सुई मारतात.

रात्रपाळी (पांढरकवडा)

दोष आयुर्वेदाचा नाहीच. बीएएमएस वैद्य पुडीवर औषधांची नावं लिहून देतो, बाजारातला माणूस काही लिहून देत नाही, एवढा साधा फरक आहे. संधिवातावर हमखास इलाज अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

डायक्लोफेनॅकचं तुमचं बरोबर आहे. किडनी अशक्त असेल, वय झालं असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते महिनोन्महिने घेणं धोक्याचंच. आणि चिकनगुनिया-डेंगीच्या दिवसांत ताप आणि सांधे एकदम धरले तर डेंगी नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. सुईचा आग्रह बहुतेक वेळा रुग्णच धरतो, पण देणारा नाही म्हणू शकतो, हेही खरं.

गोठा_आणि_गव्हाण (कुरखेडा)

अवांतर: डायक्लोफेनॅक निघालंच आहे तर. जनावराला हीच सुई देत. ढोर मेलं की गिधाडं खात आणि किडनी निकामी होऊन मरत. गिधाडं जवळपास संपल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी ती बंद केली. मग लोक माणसांची मोठी बाटली आणून जनावराला टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांची सुई ३ मिलीच्याच बाटलीत द्यायचा नियम आला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद. मेलॉक्सिकॅम चालते, गिधाडाला त्याचं काही होत नाही. आमच्या गडचिरोलीत थोडी गिधाडं उरली आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

विहीर_कोरडी

रोचक! गुडघ्यावरून गिधाडावर गेलेला धागा पहिल्यांदाच पाहिला.

रात्रपाळी (पांढरकवडा)

मी मघाशी लिहिणार होतो ते राहिलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, चंद्रपुरातही, काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा उपायच नसेल तर १.५ पर्यंत. वर्षानुवर्षं जास्तीचं पीत राहिलं तर पाठ ताठते, मान वळत नाही, सांधे दुखतात. गावातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत असतील तर मोठ्यांच्या गुडघेदुखीचं कारण हापशीत शोधा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यावर वाढतं. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना तपासून घ्या. अशा गावात दहा घरचे म्हातारे एकच तेल चोळत असतात आणि पाणी तेच पितात.

निंबाची_सावली (आर्वी)

सगळ्यांचे आभार, उशिरा पोच देतेय. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा सासूबाई समोरच बसल्या होत्या. तोंड गोल झालंय. आम्ही 'तब्येत सुधारली' म्हणत होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन आणलं. साखर वाढलेली निघाली, आधी कधीच नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी पुडी पाहिली, वास घेतला, आणि काही न बोलता गोळ्या लिहून दिल्या. त्या दर आठवड्याला कमी करत न्यायच्या आहेत. गुडघ्याचा एक्सरे काढला, झीज आहे. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम सांगितला, खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा. वजनही थोडं उतरवायला सांगितलंय.

सासूबाई रागावल्या आहेत. पुडीवाल्यावर नाही, माझ्यावर. 'चालत होती तर हिला पाहवलं नाही' असं शेजारी सांगून झालं. आता गुडघे पुन्हा धरलेत, तेव्हा रात्री काळी_माती भाऊंच्या पद्धतीनं पाला बांधते. साखर आहे म्हणून आधी माझ्या गालाला लावते. पाला बांधून घेतात, बोलत नाहीत.

काळी_माती (दर्यापूर)

बोलतीन ताई. गोया उतरताना दुखनं वाढते तवा मानूस चिडतेच. त्याह्यले घेऊन आंगनात दोन चकरा मारत जा, खाटेवर पडू देऊ नका.

गंज_सराटा (वरूड)

तेल हवं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, आर्वीला येणं-जाणं असतं आमचं. पैसे नकोत, रिकामी बाटली परत द्या.

बोडीवरचा (धानोरा)

नमस्कार जी. मी इथं वाचतच असतो, लिहिलं कधी नाही. माझ्या बहिणीचा पोरगा दोन वर्षांचा आहे. त्याचे दोन्ही हाताचे पंजे आणि पायाची बोटं सुजतात, रात्रभर रडते, दोन-चार दिवसानं उतरते, मग पुन्हा. गावातला पुजारी पाला बांधून देते आणि मंतरते. बहीण म्हणते पाल्यानं उतरते. थंडीत जास्त होते. निर्गुडी लहान पोराला चालते का, हे विचाराचं होतं.

रात्रपाळी (पांढरकवडा)

भाऊ, निर्गुडीचं नंतर. त्याची सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का? या वयात हातपाय एकदम सुजणं हे त्याचं ओळखीचं लक्षण आहे, आणि आपल्या पट्ट्यात हा आजार घरोघर आहे. सूज दोन-चार दिवसांत आपोआपही उतरते, म्हणून पाल्याला श्रेय जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटीची चाचणी होते, फुकट. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तिच्यात कळतं, पोरगा नुसता वाहक आहे, म्हणजे एएस, की रुग्ण, म्हणजे एसएस. २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे, आशाताईंना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

तोवर पोराला पाणी भरपूर पाजा, थंडीत उघडं ठेवू नका, गार पाण्यानं आंघोळ नको, सुजेवर बर्फ तर अजिबात नको. कोमट फडक्यानं शेकलं तर चालेल. ताप आला, श्वास जोरात चालला, पोट डाव्या बाजूला फुगलं किंवा अंग पांढरं पडलं तर रात्र असली तरी थांबायचं नाही. एसएस निघाला तर हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध आहे, दुखण्याच्या फेऱ्या कमी होतात, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. बहीण आणि जावई दोघांचीही चाचणी करून घ्या. दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल एसएस निघण्याची चारात एक शक्यता असते.

पुजाऱ्याशी भांडू नका. त्यालाच सोबत घेऊन जा, जमलं तर. तो म्हणाला की बहीण येईल.

बोडीवरचा (धानोरा)

बहिणीची मोठी पोरगी पण अशीच पिवळी-पिवळी राहते, खेळत नाही. तिला पण नेऊ का?

रात्रपाळी (पांढरकवडा)

दोघांनाही. उद्याच न्या, आणि चाचणीचा कागद जपून ठेवा. काय आलं ते इथं लिहा किंवा मला व्यनि करा.